डाव्या बुटाचा माग

वडील गेल्यावर त्यांचे कपडे निघाले, चष्मा निघाला, औषधांचा डबा निघाला. बूट मात्र दारातच राहिले. आई येता-जाता त्यांना वळसा घालून जायची. असे बरेच दिवस गेले आणि एका सकाळी ती लेकीला म्हणाली, "ते बूट ने गं इथून. दारात दिसले की वाटतं, आलेत आत. मग मी हाक मारते. काल मारली."

लेकीने बूट पिशवीत घातले.

लाखात ओळखू यावेत असे ते बूट होते. लहानपणीच्या आजारात वडिलांचा डावा पाय आखूड राहिला होता, म्हणून डाव्या बुटाच्या तळाला बुचाचे थर चिकटवलेले होते, एकावर एक. हे काम ते दुसऱ्या कुणाकडे देत नसत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायचे, बूच कापायचे, घासायचे, सोल्युशन लावायचे. घरभर वास सुटायचा. आई खिडक्या उघडत फिरायची आणि म्हणायची, "एक दिवस आपण सगळेच इथे चिकटून बसणार आहोत." ते शाळेत भूगोल शिकवायचे. नवा वर्ग मिळाला की पहिल्याच दिवशी, पोरांना हसू फुटायच्या आत, स्वतःच सांगून टाकायचे, "पृथ्वीसुद्धा कललेलीच फिरते. तिला कुणी हसतं का?"

लेकीचं काम वेगळ्याच तऱ्हेचं होतं. मोठमोठ्या कंपन्या आपला माल किती स्वच्छ हातांनी बनवतात, माणसांना कसं वागवतात, कचऱ्याचं काय करतात, हे तपासून त्यांना पानं देणारी एक संस्था होती. एक पान म्हणजे जेमतेम, पाच म्हणजे उत्तम. ती हिरवी पानं मग मालाच्या खोक्यांवर छापली जात आणि लोक त्यांच्याकडे बघून वस्तू घेत. या संस्थेत तिची बरीच वर्षं गेली होती. ऑफिसात तिला मागून 'चाळणी' म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. साबणवाले, गालिचेवाले, फर्निचरवाले, सगळे तिच्यातून गाळून निघाले होते. या वर्षी तिच्याकडे बुटांची एक कंपनी आली होती. पाच पानांची.

कंपनीची सगळी पुण्याई एका गोष्टीवर उभी होती. जुने बूट दुकानात आणून द्यायचे. कंपनी ते सुटे करणार, दळणार, आणि त्या भुग्यातून नव्या बुटांचे तळ घडवणार. दुकानादुकानावर लिहिलेलं होतं, 'कुणाचीच वाट संपत नाही.' असली वाक्यं वाचली की तिचे दात आंबायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत वडिलांचे बूट घेऊन ती दुकानासमोर उभी राहिली, ते वाक्य तिने पुन्हा वाचलं, आणि तिला ते खरं असायला हवं होतं. वडिलांच्या बुटांचा भुगा कुणाच्या तरी पायाखाली जावा, त्या पायांनी कुठेतरी चढावं, उतरावं, उशीर झाला म्हणून पळावं, एवढंच तिला हवं होतं. तपासणीला निघालेल्या माणसाने असं काही मागायचं नसतं.

तिची पद्धत ठरलेली होती. जुन्या बाजारातून बुटांच्या काही जोड्या घ्यायच्या, आतल्या गादीखाली ठावठिकाणा सांगणारा छोटासा ट्रॅकर सरकवायचा, बूट कंपनीच्या पेटीत टाकायचे आणि ते कुठे कुठे जातात ते पाहत बसायचं. एकच कडक नियम होता. माग काढायची वस्तू तपासणाऱ्याची किंवा त्याच्या घरातल्या कुणाची असता कामा नये. हा नियम तिनेच लिहिला होता. नव्या मुलांना ती सांगायची, "आपल्या माणसाची वस्तू असली की डोळे आपले राहत नाहीत."

आणि आदल्या संध्याकाळी तिने स्वतःच डाव्या बुटाचं बूच कोरून आत एक ट्रॅकर बसवला होता आणि वरून थर पुन्हा चिकटवला होता, अगदी वडील चिकटवायचे तसा. अहवालात हा बूट येणार नाही, तिने स्वतःला बजावलं. अहवालाला बाजारातल्या जोड्या आहेत. हा फक्त माझ्यासाठी. कुठे गेले ते कळावं म्हणून.

दुकानात पेटीपाशी एक हसरी मुलगी उभी होती. तिने डावा बूट उचलून फिरवून पाहिला. "अय्या, एक जाडू आणि एक बारकू! किती गोड! नाव काय यांचं?"

"कुणाचं?"

"बुटांचं हो! निरोप देताना आम्ही प्रत्येक जोडीला नाव देतो."

"नाव नाही."

"मग मी ठेवते हं. टेंगूळ!" असं म्हणत मुलीने बूट पेटीत सोडले आणि वरची पितळी घंटा वाजवली. दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी मोबाइलमधून मानही वर न करता वाजवल्या. "दुसऱ्या आयुष्याबद्दल धन्यवाद!" मुलगी म्हणाली आणि तिने नव्या बुटांवरच्या सवलतीचं कूपन लेकीच्या हातात ठेवलं.

लेक बाहेर आली आणि तिने ते कूपन पहिल्या दिसलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. हात मात्र कितीतरी वेळ रुमालाला पुसत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती कंपनीचा कारखाना पाहायला गेली. तिला फिरवायला खुद्द 'जबाबदारी विभागा'चे प्रमुख आले. आवाज असा मऊ की तिने मनातल्या मनात त्यांचं नाव 'मखमल' ठेवून टाकलं. पायात पांढरेशुभ्र बूट. दळण्याची खोली इतकी लख्ख होती की बोलताना आपोआप आवाज खाली यावा. एका बाजूने बूट यंत्रात पडत होते, दुसऱ्या बाजूने काळा भुगा बाहेर येत होता. ॲप्रनची घडीही न मोडलेली एक बाई शेजारी उभी राहून हसत होती. एवढंच तिचं काम असावं.

लेकीने सरकत्या पट्ट्यावरून एक बूट उचलला. आत हात घातला. पुढच्या टोकाला पातळ कागदाचा बोळा होता.

"यात कुणाचा पाय गेलेला दिसत नाही," ती म्हणाली.

"आम्ही स्वच्छ करून घेतो ना."

"आणि कागदाचा बोळाही परत घालता?"

मखमल मनापासून हसले. "तुमची ख्याती ऐकून होतो! खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. हा गेल्या हंगामाचा रंग आहे. यंदा याला कुणी विचारत नाही."

"म्हणजे नवेकोरे बूट दळताय."

"पडून राहण्यापेक्षा बरं नाही का?"

"कुणाला तरी द्यायचे."

"द्यायचे?" त्यांनी हा शब्द चुकून तोंडात आलेल्या खड्यासारखा बाहेर काढला. "ताई, उद्या रस्त्यावरचा कोणीही आमचे बूट घालून हिंडला, तर पैसे मोजून घेणाऱ्याला काय वाटेल?"

"आणि लोकांनी आणून दिलेले जुने?"

"त्यांचा विभाग वेगळा आहे. दूर आहे. धूळ फार, तुम्हाला त्रास होईल." मग त्यांनी कॉफी मागवली. कप काळा होता, खरखरीत. "हा आपल्याच तळांच्या भुग्याचा बरं का. अन्न ठेवायला पूर्ण सुरक्षित." कॉफीच्या वाफेबरोबर तिला रबराचा वास आला. तिने कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मखमल मात्र चवीने घोट घेत होते, मध्येच कपाच्या कडेवरून जीभ फिरवत होते. ते बघवेना, म्हणून ती यंत्राकडे पाहत राहिली.

इकडे तिच्या फोनच्या पडद्यावर बाजारातून घेतलेल्या जोड्या एकेक करून मुक्या होत चालल्या होत्या. त्या सगळ्या शहराबाहेरच्या एका गोदामापर्यंत गेल्या आणि तिथेच गप्प झाल्या. गोदामात पहिल्यांदा आतल्या गाद्या उपटून फेकतात, हे तिला नंतर कळलं. गाद्यांबरोबर ट्रॅकरही गेले. एकच ठिपका पुढे चालत राहिला, कारण तो बुचाच्या पोटात होता. बाकीचे सगळे गप्प झाले होते आणि वडील तेवढे बोलत होते.

तो ठिपका एका ठिकाणी जाऊन थांबला आणि हलेना. ती भाड्याची गाडी करून निघाली.

आधी वास आला. गाडीच्या काचा बंद होत्या तरी आला. जळक्या रबराचा, गोडसर, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. मग धुराडं दिसलं. कापड रंगवण्याचा कारखाना होता, आणि त्याच्या मागच्या आवारात बुटांचा डोंगर. लहान मुलांचे, बायकांचे, उंच टाचांचे, पळण्याचे, सगळे एकमेकांत गुंतून पडलेले. उन्हाने त्या ढिगाला घामाचा आणि कुबट ओलाव्याचा वास सुटला होता. ढिगाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये काही बायका बसून बूट चिरत होत्या. बूट उचलायचा, सुरी जिभेपासून तळापर्यंत ओढायची, बूट मागे फेकायचा. मागून एक माणूस फावड्याने ते भट्टीकडे लोटत होता.

तिने दारापाशी बसलेल्या वयस्क बाईला विचारलं, "मावशी, चिरता कशाला? जाळायचेच आहेत ना?"

"चिरल्याचा फोटो पाठवायचा असतो कंपनीला. मग भट्टी. मध्येच कुणी पायात घालून पळू नये म्हणून."

"यातले किती तरी चांगले आहेत."

"चांगले म्हणजे? हा बघ." मावशीने एक निळा बूट वर धरला. "माझ्या सुनेला अगदी बरोब्बर बसेल. पण उचलला तर उद्यापासून माझं काम गेलं." आणि तिने तो चिरला. तिच्या स्वतःच्या पायात चपला होत्या, त्यांचे तुटलेले पट्टे तारेने बांधलेले होते.

तोंडावर रुमाल धरून लेक शेडच्या दाराला टेकली आणि तिचं लक्ष खाली गेलं. पत्र्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक बूट लावलेला होता. तळाला बुचाचे थर. एकावर एक.

"तो होय?" मावशी म्हणाली. "तो आमचा दारवान. याच्यात सुरीच चालेना. माझं पातं मोडलं. म्हटलं, एवढा हट्टी आहेस तर बस दारात."

"याचा उजवा?"

"उजवा साधाच होता. तो कधीच गेला."

लेकीने धुराड्याकडे पाहिलं नाही. "माझ्या वडिलांचे आहेत," ती म्हणाली.

मावशीने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "अगं बाई. मला काय माहीत गं? मी तर त्याच्यावर डबा टेकवून जेवते रोज." मग मावशी म्हणाली, "चिवट माणूस असणार तुझे वडील."

"होते."

"ने मग. पण दाराला काही तरी लावून जा. नाही तर धूर सगळा आत कोंडतो."

लेकीने आवारातून अर्धी वीट शोधून आणली, दाराला लावली, दार हलवून पाहिलं, आणि मगच बूट उचलला.

संस्थेच्या प्रमुख बाईंच्या खोलीत बैठक झाली. बाई तिच्याहून वयाने मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या. समोर मखमल बसले होते. ढिगाचे, सुऱ्यांचे, भट्टीचे फोटो टेबलावर होते. फोटो कुणाच्याही ढिगाचे असू शकतात, मखमल म्हणाले. तो ढीग या कंपनीचा आहे हे सांगणारा एकच साक्षीदार होता. दुकानाच्या पेटीपासून भट्टीपर्यंत गेलेला डावा बूट.

"आणि समजा, आमचेच आहेत," मखमल पुढे बोलू लागले. "भट्टी म्हणजे उष्णता. उष्णतेने कापडाला रंग चढतो. म्हणजे बुटांना दुसरं आयुष्य मिळालंच की! थोडं उबदार, एवढंच." आपल्याच विनोदावर ते हलकेच हसले.

बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "ही जोडी कुठून घेतली होतीस?"

'जुन्या बाजारातून.' दोनच शब्द. ते तिच्या जिभेवर तयार होते आणि खोटं ठरवायला कुणी येणार नव्हतं. ते उच्चारले की अहवाल उभा राहत होता, पाचही पानं गळून पडत होती. पण मग तो बूट कुणाचाच नव्हता. टेबलाशी बसून कुणी त्याचं बूच घासलं नव्हतं, कुणी खिडक्या उघडल्या नव्हत्या. आणि शिवाय, समोरच्या माणसाकडे खरं मागायला बसलेली ती, त्याच्याच पंगतीला जाऊन बसणार होती.

"माझ्या वडिलांचे होते," ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी गेले ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मखमलच्या चेहऱ्यावर तिने तीन गोष्टी पाठोपाठ पाहिल्या. आधी सुटका. मग दुखवट्याची घडी. आणि मग, त्या घडीच्या आतून, भुकेसारखं काही तरी.

"अरेरे. आधी कळलं असतं तर," ते पुढे झुकले. "ताई, मला एक सुचतंय. त्यांची गोष्ट आम्हाला सांगू द्या. आमच्या मुख्य दुकानात काचेची पेटी, मंद दिवा, आत तो बूट. स्वतःच्या हातांनी तळ बनवणारा माणूस! लोक रडतील हो. वाटल्यास त्यांच्या नावाने खास बूट काढू, एक पाय उंच असलेल्यांसाठी. खाली आपली ओळ, 'कुणाचीच वाट...'"

"पेटी जोडीची करू," ती म्हणाली. "तुम्ही उजवा आणा."

"उजवा? उजवा आता कुठून..."

"तेच विचारायला मी आले होते."

मखमल गेल्यावर बाई म्हणाल्या, "अहवाल बाजूला ठेवावा लागेल. नियम तूच लिहिलास."

"माहीत आहे."

"नवा माग निघेपर्यंत त्यांची पानं राहतील. आणि तोवर ते भट्टी बदलतील."

"बदलू देत. वास तोच राहील."

त्या संध्याकाळी घरी आई दारातच भेटली. लेकीने बूट पिशवीतून काढला आणि सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. आई बूट उलटा करून बुचावरची काजळी अंगठ्याने पुसत ऐकत होती.

"चिरतात? कशाला?"

"कुणी फुकट घालू नये म्हणून."

"कुणी घातले असते तर त्या कंपनीवाल्यांच्या का पोटात दुखलं असतं?" मग जरा थांबून तिने विचारलं, "धूर कसला होता? काळा?"

खोटं बोलायची संधी त्या दिवशी दुसऱ्यांदा आली होती. "काळा," लेक म्हणाली.

"त्यांना धुराचा फार त्रास व्हायचा," आई म्हणाली. बूट तिने छातीशी धरला नाही की काही नाही, नुसता हातात धरून उभी राहिली. लेकीने तो दाराशी ठेवायला हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, "दारात नको. आत ठेव. आता आत राहू दे."

स्वयंपाकघरात पाणी पिता पिता आईला काही सुचलं. "पुन्हा बूट टाकायचे ना तुला? माझे घे. लिही, ही बाई माझी कोणी लागत नाही."

"आई!"

"बरं, मग शेजारीपाजारी चालतात का तुझ्या नियमात?"

"शेजारी चालतात."

झालं. दुसऱ्या दिवशी आई इमारतीतल्या दारोदारी फिरली. वडील गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकांनी बूट देताना कुरकुर केली, "अजून चांगले आहेत हो. परत मिळतील ना?"

"परत मिळाले तर वाईट बातमी समजा," आई म्हणाली.

या वेळी ट्रॅकर बसवायला बाईंनी ऑफिसातलं दुसरंच माणूस पाठवलं. लेकीने कशाला हात लावला नाही, फक्त जागा सांगितली, "गादीखाली नको. टाचेच्या पोटात."

पेटीपाशी तीच हसरी मुलगी होती. ऑफिसातल्या माणसाच्या खांद्यावरचं पोतं पाहून तिचे डोळे विस्फारले. "बापरे, एवढे! ओता ना सगळे एकदम."

"एकेक जोडी," लेक म्हणाली. केस कितीदा धुतले तरी मान वळवली की तिला अजून तो गोडसर वास येत होता.

काकांचे बूट पेटीत पडले. घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी जोडी पडली, टाळ्या जरा विरळ झाल्या. तिसरीला कुणी तरी एकट्यानेच चुकून वाजवल्या आणि ओशाळून थांबलं. मग नुसती घंटाच वाजत राहिली. मुलीचं हसू ओठांवर वाळून गेलं होतं आणि हात दुखायला लागला होता.

"यांचं काय नाव ठेवू?" तिने पुढची जोडी उचलून सवयीने विचारलं.

"नाव नको," लेक म्हणाली. "घंटा वाजवा."